टॉर्च लावला की डाइव्ह कॉम्प्युटरवरचं प्रेशर गायब होतं. दोष कुणाचा?

राजारामपुरीकर:

नमस्कार मंडळी. मालवण-तारकर्लीला डाइव्हला जाणारे कोल्हापूरकर इथे बरेच दिसतात, म्हणून इथेच विचारते.

पुण्याच्या मैत्रिणीचा डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली, वेळ दाखवणारं यंत्र) आणि रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) मी विकत घेतला. कॉम्प्युटर मनगटी आहे, वायरलेस. फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरचा जो भाग सिलेंडरवर बसतो त्याला, अंगठ्यापेक्षा थोडा जाड असा काळा ट्रान्समीटर बसवलाय, तो सिलेंडरचं प्रेशर मनगटावर पाठवतो. नळीवरचा काट्याचा गेजही काढलेला नाही, तो डावीकडून पुढे येतो. ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजच्या उजव्या पोर्टला (भोकाला) आहे आणि कॉम्प्युटर मी डाव्या मनगटावर बांधते.

त्रास असा आहे. किनाऱ्यावर, बोटीत, खाली उतरताना आकडा अगदी व्यवस्थित येतो. खाली गेल्यावर कपारीत बघायला टॉर्च लावला की थोड्या वेळाने आकड्याच्या जागी तीन रेघा. पुढे सरकलं की आकडा परत. एकदा तर रेघाही आल्या नाहीत. आकडा १४० बारवर (बार म्हणजे प्रेशरचं माप) बसून राहिला, मी आपली निवांत, आणि मग एकदम १२०. पोटात गोळा आला.

दुसरी गोष्ट. कॉम्प्रेसरवाल्याने "२०० भरलाय" म्हणून सिलेंडर दिला. पाण्यात उतरल्यावर काट्याचा गेज १८० म्हणतोय आणि कॉम्प्युटर १७२. यातलं खरं कुणाचं धरायचं?

ट्रान्समीटरचा सेल नवा टाकून झाला, काही फरक नाही. मैत्रीण म्हणते तिला असं कधीच झालं नाही. आमच्याकडे सासूबाईंचं म्हणणं आहे की रंकाळ्याला चार फेऱ्या मार, त्यात मशीन लागत नाही.


घाटउतार:

सेल कुठला टाकलात? बऱ्याच ट्रान्समीटरना सीआर२ लागतो, तो बुटका गोल असतो. दुकानात मागितला की सीआर२०३२, म्हणजे बटणासारखा चपटा, काढून देतात. तो बसतच नाही, त्यामुळे तिथे फसायला होत नाही. फसायला होतं ते चार्जिंगच्या सीआर२ मध्ये. आकाराने बसतो, पण बऱ्याच जणांचा व्होल्टेज ३ च्या वर असतो. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर तो टाकू नका.

आणि सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसते का ते बघा. दिसली तर पाणी आत गेलंय, मग वरची बाकी चर्चा सोडून द्या.


उद्यमनगर गेजवाला:

ताई, मी उद्यमनगरात प्रेशर गेज दुरुस्त आणि कॅलिब्रेट करतो. हिवाळ्यात मालवणला डाइव्ह पण करतो. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही दोन आजार एका चिठ्ठीवर लिहिलेत. आकडा न येणं हा सिग्नलचा विषय. आकडा चुकीचा येणं हा सेन्सरचा किंवा गेजचा. यांचा एकमेकांशी संबंध नाही. ट्रान्समीटर प्रेशर मोजून आकडा करूनच पाठवतो, त्यामुळे सिग्नल कमजोर झाला म्हणून १८० चे १७२ होत नाहीत. एक तर आकडा पोचतो, नाहीतर पोचत नाही. लोक दोन्हीला सेल बदलतात आणि मग ट्रान्समीटरला शिव्या घालतात.

आधी सिग्नल बघू. ब्लूटूथ, वायफायच्या लहरी समुद्राच्या पाण्यात वीतभरही धड जात नाहीत. म्हणून बहुतेक कंपन्या फार कमी फ्रिक्वेन्सी वापरतात. शिअरवॉटर कंपनीचा स्विफ्ट ट्रान्समीटर घ्या, तो ३८ किलोहर्ट्झवर बोलतो. एवढ्या खाली आलं की ते रेडिओपेक्षा एका कॉइलने दुसऱ्या कॉइलला चुंबकाने खुणावल्यासारखं होतं. पल्ला मीटर-दीड मीटर. आणि अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. म्हणजे हात एक फूट लांब गेला तर केवढा फरक पडतो बघा. शिवाय कॉइलची दिशा असते. ट्रान्समीटर आणि मनगट समांतर असले की चांगलं ऐकू येतं, काटकोनात आले की बोंब.

आता तुमची कपार डोळ्यासमोर आणा. ट्रान्समीटर मानेमागे उजवीकडे. कॉम्प्युटर डाव्या मनगटावर. टॉर्च कुठल्या हातात धरता ते लिहिलं नाही, पण डाव्याच हातात असणार असा माझा अंदाज आहे. तो हात तुम्ही कपारीत पुढे लांबवता. एका वेळी तीन गोष्टी झाल्या: अंतर वाढलं, दिशा फिरली आणि टॉर्च कॉम्प्युटरला चिकटला. एलईडी टॉर्चच्या आत ड्रायव्हर सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. प्रकाश कमी करायची सोय असेल तर तेही बहुधा असंच चालू-बंद करून साधतात, म्हणून काही टॉर्च फुलवर शांत असतात आणि अर्ध्या प्रकाशावर गोंगाट करतात. कॅमेऱ्याचा स्ट्रोब (फ्लॅश) चार्ज होताना, पाण्यातली स्कूटर, गरम होणारं जाकीट, सगळ्यांची हीच तऱ्हा.

तेव्हा टॉर्चला फाशी देण्याआधी हाताचीही चौकशी करा. यासाठी समुद्र लागत नाही. ह्या लहरी हवेतही तशाच जातात, त्यामुळे जमिनीवर जे बिघडतं ते पाण्यात बिघडणारच. सिलेंडरला रेग्युलेटर लावा, व्हॉल्व्ह सावकाश उघडा, कुणाला तरी सेट पाठीवर घ्यायला सांगा. मग एका वेळी एकच बदल. नुसता हात लांबवून बघा, टॉर्च बंद. मग हात जवळ, टॉर्च फुल. मग टॉर्च अर्धा. आणि दर बदलानंतर दोन मिनिटं थांबा. हे महत्त्वाचं आहे, कारण निरोप चुकला तरी कॉम्प्युटर मागचा आकडा काही वेळ तसाच धरून ठेवतो आणि मग रेघा दाखवतो. तुमचे १४० तेच होते. रेघा दिसल्या की माणूस सावध तरी होतो. जो आकडा बराच वेळ हललाच नाही, त्याची भीती बाळगा. बाराएक मीटरवर सर्वसाधारण माणूस १२ लिटरच्या सिलेंडरमधून मिनिटाला तीन-चार बार सहज खातो. चार मिनिटं आकडा जागचा हलत नसेल तर तुम्ही श्वास घेत नाही आहात किंवा आकडा शिळा आहे.

आता दुसरा आजार, माझ्या धंद्यातला.

आपल्याकडच्या कॉम्प्रेसरवर पुष्कळदा जो गेज असतो तो किलोचा असतो, किलो प्रति चौरस सेंटीमीटर. २०० किलो म्हणजे १९६ बार. चार इथे गेले. मग घाईत भरलेला सिलेंडर गरम असतो. समजा आतली हवा ५५ अंशांवर होती आणि पाण्यात ती २८ अंशांवर आली. हिशेब केल्व्हिनमध्ये करायचा, ३२८ वरून ३०१. प्रेशर त्याच प्रमाणात उतरतं, १९६ चे झाले १८०. हवा एक घोटभरही कमी झालेली नाही. त्यात कॉम्प्रेसरचा गेज ४०० पर्यंतचा आणि १.६ क्लासचा धरा. १.६ टक्के हे पूर्ण डायलवर मोजतात, म्हणजे कुठल्याही आकड्याला साडेसहा बार इकडे किंवा तिकडे, तरी तो गेज पास. त्याने साडेसहा जास्त दाखवले असतील तर खरे राहिले १७४. कुणी फसवलेलं नाही, काही बिघडलेलं नाही आणि २०० चे १७४ झाले. सिलेंडर नेहमी गार झाल्यावर बघा.

उरला तुमचा काटा आणि तुमचा कॉम्प्युटर, १८० आणि १७२. आठ बारचा फरक काट्याच्या गेजमध्ये फार मोठा नाही. पण एक गोष्ट आजच करा. रेग्युलेटरमधली सगळी हवा सोडलेली असताना काटा नेमका कुठे टेकतो ते चष्मा लावून बघा आणि मला सांगा.


कळंबा लेक:

माझ्याकडे गार्मिनचा आहे. तो रेडिओ वापरत नाही, आवाजाच्या लहरींनी म्हणजे सोनारने प्रेशर पाठवतो, पल्ला दहा मीटरपर्यंत. टॉर्च, स्ट्रोबशी त्याचं काही घेणंदेणं नाही. माझा मुलगा डाइव्ह करतो, त्याचा सिलेंडर मला माझ्या मनगटावर दिसतो, हे मला फार आवडतं. किंमत मात्र विचारू नका.

ताईंना एक विचारायचं होतं. बडीकडेही, म्हणजे बरोबर डाइव्ह करणाऱ्या जोडीदाराकडेही, तुमच्याच जातीचा ट्रान्समीटर होता का? दोन ट्रान्समीटर ठरावीक सेकंदांनी एकाच वेळी ओरडत असले तर दोघांचं कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून जुन्या जातीत वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या अंतराने बोलणारे ट्रान्समीटर विकत. स्विफ्टसारखे नवे आधी कानोसा घेतात आणि मोकळी जागा मिळाली की बोलतात.


फुलेवाडी:

एवढी उठाठेव कशाला? वायरलेस काढून टाका. काट्याच्या गेजला सेल नाही, पेअरिंग नाही, टॉर्चचं वावडं नाही.

आणि काट्याने जे कळतं ते आकड्याने कळत नाही. उडी मारण्याआधी गेजकडे बघत तीन-चार दमदार श्वास घ्यायचे, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल तर श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येतो. डोळ्याला लगेच दिसतं. तुमचा डिजिटल आकडा पाच-पाच सेकंदांनी बदलणार. श्वास एकीकडे, आकडा दुसरीकडे. बोटीवर पोरं गडबडीत व्हॉल्व्ह खोलतात-बंद करतात, तेव्हा मला काटाच पाहिजे.


राजारामपुरीकर:

बाप रे, एवढी उत्तरं!

घाटउतार, सेल सीआर२ च आहे, साधा, आणि कप्पा स्वच्छ. कळंबा लेक, बडीकडे वायरलेस नव्हता.

गेजवाले दादा, टॉर्च डाव्याच हातात असतो. उजव्या हाताने मी आधार घेते. आणि काटा बघितला. हवा सोडल्यावर तो शून्याच्या रेघेवर येत नाही. किंचित वरच थांबतो. मैत्रीण म्हणाली, "तो पहिल्यापासून तसाच आहे गं."


उद्यमनगर गेजवाला:

मग रविवारी दुकानी या. माझ्याकडे भरलेला सिलेंडर आहे आणि हवेवर चालणारा मास्टर गेज पण. कॅलिब्रेशनचा डेड वेट टेस्टर (वजनं ठेवून प्रेशर तपासणारं यंत्र) आहे, पण तो तेलावर चालतो, आणि श्वासाच्या सामानाला मी तेलाचा हात लावत नाही. त्यामुळे साध्या तुलनेवर भागवू. टॉर्च विसरू नका, येताना चार्ज करून आणा.

फुलेवाडीकर, काट्याच्या बाजूने मी पण आहे, माझं पोट त्याच्यावर चालतं. पण काटा खोटं बोलत नाही असं माझ्यासमोर म्हणू नका. रोज टेबलावर दहा खोटे काटे येतात.


राजारामपुरीकर:

रविवारी दादांच्या दुकानी जाऊन आले. दीर बरोबर होते, सिलेंडर त्यांच्याच पाठीवर चढवला. उद्यमनगरात लेथच्या आवाजात, बर्म्युडावर पाठीला सिलेंडर लावून उभा असलेला माणूस बघायला शेजारच्या दोन वर्कशॉपमधले लोक जमले होते. एकाने गंभीरपणे विचारलं, "पूर आलाय काय?"

निकाल असा.

कॉम्प्युटर दिरांच्या डाव्या मनगटावर. हात लांबवून, टॉर्च बंद: मधूनच एखादा आकडा चुकला, पण चालत राहिला. हात छातीशी, टॉर्च फुल: एकदम नीट. हात छातीशी, टॉर्च अर्ध्यावर: थोडं अडखळलं, तरी आलं. हात लांब आणि टॉर्च अर्ध्यावर: आकडा बराच वेळ गोठला आणि मग तीन रेघा. आणि मी खाली नेहमी टॉर्च अर्ध्यावरच ठेवते, कारण फुल लावला की पाण्यातली माती चमकते आणि समोरचं काहीच दिसत नाही. मैत्रिणीचा टॉर्च वेगळा आहे, त्याला मंद करायची सोयच नाही. तिला कधी का झालं नाही ते कळलं.

मग दादांनी कुठलाही पाना न उचलता कॉम्प्युटर सोडून दिरांच्या उजव्या मनगटावर बांधला. टॉर्च डाव्याच हातात, अर्ध्यावर, हात लांब. दहा मिनिटं उभे राहिलो. एकही रेघ नाही.

प्रेशरची तुलना सिलेंडरमधली हवा थोडी थोडी सोडत केली. प्रत्येक वेळी सोडणं थांबवून आकडे बसेपर्यंत थांबायचो. मास्टर गेज १५०, तेव्हा कॉम्प्युटर १४९ आणि माझा काटा १५६. मास्टर १००, कॉम्प्युटर ९९, काटा १०६. मास्टर ५०, कॉम्प्युटर ४९, काटा ५७.

म्हणजे मी ज्याच्यावर भरवसा ठेवून होते तो काटाच जास्त दाखवत होता! "५० ला वर यायचं" म्हणत मी ४३ ला येत होते.


उद्यमनगर गेजवाला:

आकडे नीट बघा, त्यात निदान आहे. काट्याची चूक वर-खाली सगळीकडे सहा-सात बारच आहे. म्हणजे आतली बूर्डन ट्यूब (प्रेशरने सरळ होऊ बघणारी आणि काटा फिरवणारी वाकडी नळी) ठीक आहे, काटा आपल्या दांड्यावर थोडा फिरून बसलाय. गेज कधीतरी आपटला असणार. ट्यूब थकली असती तर चूक प्रेशरबरोबर वाढत गेली असती. वर वेगळी, खाली वेगळी. आणि प्रेशर स्थिर असतानाही आकडा मागून रांगत आला असता तर मी पोर्टच्या बारीक भोकात कचरा आहे म्हटलं असतं.

इथे नशीब एवढंच की काटा जास्तीकडे फिरला, म्हणून हवा सोडल्यावर शून्याच्या वर दिसला. कमीकडे फिरला असता तर शून्यापाशी जो बारीक खिळा असतो त्याला टेकून अगदी सरळ उभा राहिला असता. तुम्हाला शून्य दिसलं असतं आणि कळलं काहीच नसतं. म्हणून नुसतं शून्य बघून गेज पास करायचा नाही, मधे एका आकड्यावर तरी दुसऱ्या गेजशी ताडून बघायचा.

काटा उपसून परत बसवा म्हणाल तर मी ते करणार नाही. बॉयलरच्या गेजला करतो. पण पाण्याखाली नेणाऱ्या गेजचं सील माझ्या टेबलावर उघडून परत लावायचं नाही, हा माझा नियम आहे. नवा घ्या. नळी चांगली असेल तर गेज एकटा बदलता येतो, जोडावरच्या दोन छोट्या ओ-रिंगा (रबरी कड्या) मात्र त्याच वेळी बदलून घ्या.

कॉम्प्युटर उजव्या मनगटावरच राहू दे. ट्रान्समीटर डावीकडे घ्यायचा मोह होईल, पण मग गेजची नळी उजवीकडून येणार आणि सगळी सवय बदलणार. कधी बदलायचाच झाला तर हवा पूर्ण सोडून, "एचपी" (हाय प्रेशर) लिहिलेल्याच पोर्टला, आणि पाना धातूच्या चपट्या भागावर लावायचा. काळं प्लास्टिक पकडून पिळायचं नाही. फार आवळायचीही गरज नाही, हवा ओ-रिंग अडवते, ताकद नव्हे.


फुलेवाडी:

गेजवाले, मान्य. पण ताई, नवा काट्याचा गेज घ्याच. आता कॉम्प्युटर बरोबर निघाला म्हणून काटा काढून टाकाल.


राजारामपुरीकर:

नाही हो, मागवलाय. दोन्ही ठेवणार. कॉम्प्युटर उजवीकडे बांधला की दोन मिनिटं चुकल्यासारखं होतं, पण जमेल.

एक शेवटचं. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर जी बडी येणार आहे तिच्याकडेही असाच वायरलेस आहे. माझ्या टॉर्चने तिचा आकडा जाईल का? आणि बोटीवरची पोरं सिलेंडर उचलताना ट्रान्समीटरलाच हात घालतात, त्याचं काय करायचं?


उद्यमनगर गेजवाला:

टॉर्च तिच्या मनगटाला चिकटवला नाही तर काही होणार नाही. वर सांगितलं तसं अंतराबरोबर जोर झपाट्याने पडतो, हातभर लांब असला तरी पुष्कळ. दोन ट्रान्समीटर एकमेकांवर ओरडतात का ते मात्र जेट्टीवरच बघून घ्या. दोघी सेट चढवून पाच मिनिटं शेजारी उभ्या राहा. दोघींचे आकडे येत राहिले तर प्रश्न मिटला. नाही आले आणि लांब गेल्यावर आले, तर तिच्या मॅन्युअलमध्ये निरोप किती सेकंदांनी जातो ते शोधा. पेअरिंग करायचं असेल तर ते घरूनच करून जा, बोटीत चार ट्रान्समीटर जवळ असताना नको. आणि पेअर करताना सेट प्रेशरमध्ये पाहिजे, हवा नसेल तर ट्रान्समीटर झोपलेलाच असतो.

पोरांचं म्हणाल तर त्यांना ती मूठच वाटते. मी त्याला लाल चिकटपट्टी गुंडाळतो आणि उडी मारायची जागा येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवून नळीतली हवा सोडायला सांगतो. नाहीतर किनाऱ्यापासून सेट चालू, ट्रान्समीटर सगळी वाट बडबडतो आणि सेल त्यातच संपतो. खोलताना मात्र मी स्वतः खोलतो, अगदी सावकाश. एकदम खोललं की दोनशे बारचा दणका थेट सेन्सरवर बसतो.